नव्वद सेंटिमीटरचा पत्रा

मक्याची कणसं खुडून झाली की देवगाव रंगारीच्या शिवारात ट्रॅक्टरचा आवाज बदलतो. नांगरताना तो चढतो, उतरतो, बांधाशी वळताना दम घेतो. मळणीला लागला की तासन्‌तास एकाच सुरात घुमत राहतो. ट्रॅक्टर जागेवर उभा असतो, इंजिनाची ताकद मागून बाहेर देणाऱ्या त्याच्या पीटीओला जोडलेला लोखंडी दांडा गरगरत असतो, दांड्याच्या दुसऱ्या टोकाला हडंबा, म्हणजे मळणी यंत्र, आणि त्याच्या तोंडाशी कणसं सारणारी माणसं. त्यांत बायका बऱ्याच असतात. डोक्याला रुमाल, साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट, पदर कमरेला खोचलेला. खोचलेला पदर वाकताना सुटतो, हे त्यांना माहीत असतं आणि दांड्यालाही जणू माहीत असतं.

पीटीओचा वेग मिनिटाला ५४० फेरे. जगभर बहुतेक ट्रॅक्टरांचं हेच प्रमाण आहे. सेकंदाला ९ फेरे झाले. दांडा ७ सेंटिमीटर जाड धरला तर त्याचा घेर साधारण २२ सेंटिमीटर. नऊ वेळा बावीस म्हणजे एका सेकंदात जवळजवळ दोन मीटर कापड त्याच्याभोवती गुंडाळलं जातं. पदराचं सुटं टोक मीटरभर असेल तर ते संपायला अर्धा सेकंद पुरतो. त्यानंतर ओढलं जातं ते माणूस.

हडंब्याच्या आतल्या ड्रमचा हिशेब याहून कडक आहे. ड्रमचा व्यास ६० सेंटिमीटर आणि वेग मिनिटाला ६०० फेरे धरू. त्याच्या कडेवरचा दाता सेकंदाला सुमारे १९ मीटर पळतो. ‘काहीतरी अडकलं’ हे मेंदूला कळून हात मागे घ्यायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. धडधाकट, जागा, तरुण माणूस असला तरी. तेवढ्या पाव सेकंदात तो दाता पावणेपाच मीटर पुढे गेलेला असतो.

हा हिशेब मी मुद्दाम आधी मांडला. मळणी यंत्रात कुणाचा हात गेला की वस्तीवर पहिलं वाक्य ऐकू येतं, ‘लक्ष नव्हतं त्याचं.’ लक्ष असतं तरी काय झालं असतं? पाव सेकंदाच्या आतली गोष्ट लक्ष देऊन टाळता येत नाही. ती टाळायची असेल तर यंत्राचा पत्रा कापला जाण्यापूर्वी, कुणीतरी फरशीवर खडूने त्याची आकृती काढत असताना टाळावी लागते. अभियांत्रिकीत याला रचनेतली सुरक्षा म्हणतात.

आपल्या जुन्या खळ्याकडे या नजरेने पाहिलं तर एक गोष्ट लक्षात येते. मधोमध तिवडा, त्याला बांधलेले बैल, पायाखाली पसरलेली कणसं, तिवड्याभोवती फिरणारी पात. ते काम संथ होतं, माणसांना आणि जनावरांना थकवणारं होतं. त्याचे गोडवे गाण्यात मला रस नाही. पण त्या व्यवस्थेत थांबण्याची सोय जिवंत होती. पात हाकणारा ‘हो’ म्हणाला की बैल थांबत. पुढे मूल आलं तर पुष्कळदा न सांगताही बिचकत. यंत्र आलं तेव्हा बैलाची ताकद अनेक पटींनी वाढवून घेतली गेली, त्याचं बिचकणं मात्र कुणी यंत्रात घातलं नाही. ते बाहेरून कुठल्या तरी रूपात परत आणणं हे रचनाकाराचं काम आहे.

आपल्या देशात या उणिवेची किंमत आधी उत्तरेत मोजली गेली. हरितक्रांतीनंतर पंजाब, हरियाणा, उत्तर प्रदेशात गव्हाचं पीक वाढलं, विजेवर आणि ट्रॅक्टरवर चालणारी मळणी यंत्रं गावोगाव पोहोचली, आणि दर उन्हाळ्यात तुटलेल्या हातांची माणसं इस्पितळांत येऊ लागली. त्यातून १९८३ मध्ये संसदेने धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा केला. शक्तीवर चालणारं मळणी यंत्र त्यात नावानिशी धोकादायक ठरवलं गेलं, उत्पादकाला आणि विक्रेत्याला परवाना लागू झाला, जखमी कामगाराच्या भरपाईची तरतूद आली. मळणी यंत्राच्या सुरक्षिततेसाठी आयएस ९०२० हे भारतीय मानकही आहे. त्यातली एक साधी अट मला सगळ्या कायद्याहून मोलाची वाटते.

अट अशी, की पीक आत सारण्यासाठी यंत्राच्या तोंडाला जी पत्र्याची पन्हाळ असते, यंत्रवाले जिला ‘शूट’ म्हणतात, ती किमान ९० सेंटिमीटर लांब असावी आणि तिचा ड्रमकडचा किमान ४५ सेंटिमीटर भाग वरून झाकलेला असावा.

नव्वद का? टेप घेऊन आपलाच हात मोजून पाहावा. खांद्यापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत प्रौढ माणसाचा हात बहुधा ६५ ते ८० सेंटिमीटरच्या आत भरतो. पन्हाळ ९० ची असेल तर तिच्या टोकाशी उभ्या माणसाने हात पूर्ण लांबवला तरी बोटं ड्रमपर्यंत पोहोचत नाहीत. त्याचं लक्ष असो, नसो. तो दमलेला असो, शेजारच्याशी बोलत असो, शिंकत असो. वरचं झाकण त्यासाठी, की कुणी बाजूने ओणवं होऊन वरून हात घालू नये. यात कुठलं इलेक्ट्रॉनिक्स नाही, बिघडणारा भाग नाही, रंगवलेली कवटी नाही. अंतर तेवढं आहे. माणसाच्या हाताची लांबी पत्र्यात उतरवून ठेवली आहे, आणि मला हे फार सुंदर वाटतं.

मग इतक्या यंत्रांवर ही पन्हाळ आखूड का दिसते, किंवा काढून कडेला का टाकलेली असते?

शेतकऱ्याला अडाणी म्हणून हा प्रश्न सुटत नाही. लांब पन्हाळीत ओलसर पीक तुंबतं. आखूड काड, तुकडे झालेली ताटं मध्येच अडतात, ढकलायला काठी घ्यावी लागते, यंत्राची गती पडते. मळणीचा दर पोत्यावर किंवा क्विंटलवर ठरलेला असतो आणि यंत्रवाल्याला सूर्य मावळण्याआधी पुढच्या वस्तीवर जायचं असतं. परतीच्या पावसाचं आभाळ भरलं असेल तर रात्रीचे दिवे लावून काम चालतं. अशा वेळी जो पत्रा तासाला दोन पोती कमी करतो, त्याचे बोल्ट निघणारच. म्हणजे चूक रचनेतच राहून गेली. काम मंदावणारं संरक्षण माणसं काढून टाकतात. तुंबणार नाही इतका उतार, गुळगुळीत तळ, पुरेशी रुंदी आणि सारणाऱ्याच्या कमरेला सोसेल अशी उंची साधली तर तीच पन्हाळ सोयीची वाटते आणि जागेवर राहते. यंत्र ज्याच्या हाती जाणार त्याची मजुरी कशी ठरते, हेही रचनाकाराला माहीत असायला हवं. अभियांत्रिकीच्या वर्गात हे फारसं शिकवत नाहीत, आणि तिथेच ते शिकवायला हवं असं माझं मत आहे.

धोका टाळण्याची एक उतरंड या शास्त्रात मानली जाते. धोका मुळातच नाहीसा करता आला तर सर्वांत उत्तम. ते जमत नसेल तर माणूस आणि धोका यांच्यामध्ये काहीतरी कायमचं उभं करायचं. तेही अपुरं पडत असेल तर सूचना, प्रशिक्षण, हातमोजे. आपण बहुतेक वेळा ही उतरंड तळापासून चढायला घेतो, म्हणजे आधी पाटी लावतो. मळणीतला धोका मुळातून घालवणारं यंत्र आपल्याकडे आलेलं आहे. पंजाबकडून येणारी मोठी हार्वेस्टर यंत्रं उभं पीकच कापून दाणे वेगळे करतात, माणसाचा हात पिकाच्या वाटेत येतच नाही. पण दोन एकरांच्या तुकड्यात ते यंत्र वळत नाही, आणि ज्याच्या दावणीला दोन म्हशी आहेत त्याला रानात विखुरलेलं भुसकट परवडत नाही. त्यामुळे हडंबा राहणार, आणि मधल्या पायरीवरचं काम करावंच लागणार.

मधल्या पायरीवरची सर्वांत चांगली वस्तू बहुतेक घरांत ओट्यावर असते. कुकर. १६७९ मध्ये डेनी पापँ या फ्रेंच माणसाने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वाफेच्या दाबावर अन्न शिजवणारं भांडं ठेवलं, आणि भांडं फुटण्याची भीती ओळखून पुढे त्याला वजन लावलेली झडपही त्यानेच जोडली. आजच्या कुकरच्या शिट्टीचं वजन म्हणजे त्या झडपेची नात. शिट्टीत डाळ अडकली तर? म्हणून झाकणावर दुसरी सुरक्षा झडप असते. तिच्यात लवकर वितळणारा मिश्रधातू भरलेला असतो. पाणी आटून भांडं तापलं की तो वितळतो आणि वाफेला वाट मिळते. पण मला खरी बुद्धिमत्ता दिसते ती आत बसणाऱ्या झाकणात. हे झाकण भांड्याच्या काठाखालून वर दाबलं जातं. आत वाफ जितकी जास्त तितकं ते घट्ट बसतं. दाब असताना उघडायचा प्रयत्न केला तरी ते उघडत नाही, आणि दाब उतरला की आपसूक सैल होतं. जो दाब घात करणार होता त्यालाच पहारेकरी करून बसवलं आहे. कुकरवर ‘दाब असताना उघडू नका’ अशी पाटी लावून भागलं असतं का? घाईच्या सकाळी, डबा भरायचा असताना, शाळेची रिक्षा दारात असताना?

हीच युक्ती रेल्वेत आहे. जॉर्ज वेस्टिंगहाउसने १८६९ मध्ये हवेच्या दाबावर चालणारा ब्रेक आणला तेव्हा इंजिनातून डब्यांकडे हवा सोडली की ब्रेक लागत. त्यात मोठी खोट होती. नळी फुटली किंवा डबे सुटले तर हवाच पोहोचत नसे आणि नेमक्या संकटात ब्रेक निकामी होत. १८७२ मध्ये त्याने सगळं उलटं केलं. नळीत हवेचा दाब सतत ठेवायचा आणि त्या दाबाने ब्रेक मोकळे ठेवायचे. दाब गेला की प्रत्येक डब्याखालच्या टाकीतली साठवलेली हवा ब्रेक आवळते. नळी फुटली, गाडी तुटली, तर गाडी थांबते. लासूर स्टेशनावर थांबणाऱ्या गाडीत कुणी साखळी ओढतो तेव्हाही नळीतली हवाच सुटते. बिघाड होणार हे धरून चालायचं, आणि बिघडल्यावर यंत्र कोणत्या बाजूला कलंडेल ते आधी ठरवायचं.

आता हा विचार घेऊन आपल्या गोठ्यात येऊ. तिथे कडबा कुट्टीचं यंत्र आहे. विहिरीवरच्या मोटारीला जो स्टार्टर असतो त्यात नो-व्होल्ट कॉइल असते. वीज गेली की कॉइलची पकड सुटते, आणि वीज आली तरी हिरवं बटण दाबल्याशिवाय मोटार सुरू होत नाही. स्टार्टर स्वभावाने वेस्टिंगहाउसच्या ब्रेकचा भाऊ आहे. शेतकऱ्यांनी त्याच्यावर ऑटो स्विच बसवला, कारण रात्री दोन वाजता येणाऱ्या विजेसाठी बिबट्याच्या आणि सापाच्या वाटेने विहिरीवर जायचं कोणी? पाण्याच्या मोटारीपुरतं ते समजण्यासारखं आहे. पण गोठ्यातलं कुट्टी यंत्र बहुधा सिंगल फेजवर, साध्या प्लगवर चालतं. तिथे स्टार्टर नाही, कॉइल नाही. कुट्टी चालू असताना वीज जाते, यंत्र थांबतं, बटण मात्र चालूच राहतं. रोलरमध्ये कडबा अडकलेला दिसतो. यंत्र तर बंद आहे, म्हणून हात आत जातो. आणि वीज येते.

इथे चूक करणारा माणूस शोधून सापडत नाही. बंद यंत्रातला कडबा काढणं ही चूक नव्हे. वीज परतल्यावर आपण होऊन सुरू होणारं यंत्र गोठ्यात देणं ही चूक आहे, आणि ती यंत्र विकण्याच्या दिवशीच झालेली असते. वीज गेल्यावर बंदच राहणारा एक छोटा स्विच यंत्राच्या अंगावरच बसवून दिला तर हा अपघात घडण्याची वाटच बंद होते.

कडबा कापण्याच्या यंत्राचं आणि मराठी उद्योगाचं नातं जुनं आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी वसवण्याआधी, बेळगावात असताना, जी पहिली शेतीयंत्रं बनवली त्यांत लोखंडी नांगराबरोबर कडबा कापण्याचं यंत्रही होतं. या साध्या यंत्राकडे सुरक्षेच्या नजरेने कसून पाहिलं ते पुढे दिल्लीच्या आयआयटीतल्या दिनेश मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. उत्तर भारतातल्या खेड्यांत फिरून त्यांनी कुणाला, कधी, कशी इजा होते ते नोंदलं, आणि हाताने फिरवायच्या यंत्रांवर लहान मुलं जखमी होतात हे त्यांना ठळक दिसलं. मोठी माणसं शेतात, अंगणात यंत्र मोकळं. एक मूल चाक फिरवतं, दुसरं पात्याशी बोट नेतं. मुलांना ओरडून हे थांबणार नव्हतं. त्यांनी काम नसताना चाक अडकवून ठेवणारी खीळ सुचवली. ओढून घेणाऱ्या रोलरांच्या अलीकडे आणखी एक रोलर ठेवला, की हात धोक्याजवळ आला तर आधी त्याला लागावा. पात्यावर आणि दातेरी चाकांवर आच्छादन दिलं. हे सगळं गावातल्या लोहाराला करता येईल इतकं साधं राहील, याची काळजी घेतली. मोहन २०२१ मध्ये कोविडने गेले. रस्त्यावरच्या अपघातांवरच्या कामासाठी त्यांचं नाव जास्त घेतलं जातं. मला त्यांची ती खीळ जास्त आठवते.

त्यांच्या पद्धतीत शिकण्यासारखं आहे ते हे, की त्यांनी आधी प्रश्न विचारले आणि मग पत्रा कापला. विमानांच्या आणि अस्त्रांच्या जगात ही पद्धत फार औपचारिक झाली आहे. १९४९ मध्ये अमेरिकी लष्कराने तिची लेखी कार्यपद्धती काढली. यंत्राचा एकेक भाग घ्यायचा आणि विचारायचं, हा कसा बिघडू शकतो, बिघडला तर काय होईल, ते कुणाला आधी कळेल, कळेपर्यंत उशीर झालेला असेल का. हेच प्रश्न हडंब्याला लावून पाहावेत. दांड्यावर आच्छादन म्हणून असलेली प्लास्टिकची नळी फुटली तर काय? हात अडकला तर यंत्र कोण थांबवणार? ट्रॅक्टरच्या सीटवर बसलेला माणूस, जो सारणाऱ्याकडे पाठ करून आहे आणि ज्याला त्या घुमणाऱ्या आवाजात हाक ऐकू जात नाही. मग थांबवण्याची दोरी सारणाऱ्याच्या हाताशी का नाही? आणि दोरी ओढल्यावरही जड ड्रम काही सेकंद फिरतच राहणार असेल, तर दोरीवर भिस्त ठेवता येईल का? असं विचारत गेलं की आपण पुन्हा त्या पन्हाळीपाशीच येतो. हात पोहोचतच नाही, हे उत्तर बाकी सगळ्या उत्तरांच्या आधी लागतं.

रचनेत राहून गेलेल्या गोष्टीची किंमत नंतर दुसऱ्या वहीत मांडली जाते. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत अपघाती मृत्यूला २ लाख रुपये मिळतात, एक हात किंवा एक पाय गेला तर १ लाख. ही मदत सातबाऱ्यावर नाव असलेल्या शेतकऱ्याला आणि त्याच्या घरातल्या एका माणसाला आहे. हडंब्याच्या तोंडाशी उभी असलेली बाई पुष्कळदा मजुरीने आलेली असते, आणि तिच्या घरी सातबारा नसतो. तिचा हात वाचवण्याची जागा त्या पत्र्याच्या पलीकडे कुठे शिल्लक राहते, ते मला दिसत नाही.

मळणी यंत्रं मोठ्या कारखान्यांत बनतात तशी तालुक्याच्या, बाजाराच्या गावांतल्या फॅब्रिकेशनच्या गाळ्यांतही बनतात, दुरुस्त तर तिथेच होतात. तिथला वेल्डर स्वतःला रचनाकार म्हणवत नाही, पण पन्हाळ किती लांब ठेवायची हे शेवटी त्याच्या खडूवर ठरतं. बाजारात पत्रा ८ बाय ४ फुटांचा येतो. आठ फूट म्हणजे २४४ सेंटिमीटर. पन्हाळ ८० ची कापली तर एका पत्र्याच्या लांबीत तीन बसतात आणि वाया जवळजवळ काही जात नाही. ९० ची कापली तर दोनच बसतात आणि ६४ सेंटिमीटरचा तुकडा उरतो. कटर हातात असलेल्या माणसाला तो उरलेला तुकडा खुपतो. त्याला दाखवायला हवं, की त्या ६४ मधून ४५ सेंटिमीटरचं झाकण निघतं.